रेड्याचा वेग

पहाटे पावणेसहाला तळजाईवर माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, खोकल्यावरून येतो. दोन आखूड आणि एक लांबवलेला, म्हणजे बँकवाले. नुसतं खाकरणं आणि पाठोपाठ 'पांडुरंग, पांडुरंग', म्हणजे वीजमंडळवाले. काठीची टकटक, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा टकटक, म्हणजे हेडसर. निवृत्तीनंतर माणसाचं आडनाव झिजत जातं आणि खातं तेवढं उरतं. मी लोकांच्या जमिनी मोजण्यात तेहेतीस वर्षं घालवली, म्हणून मी 'मोजणी'. "मोजणी आली का?" असं कुणी अंधारात विचारलं, की नवख्या माणसाला वाटतं, टेकडीवर आता प्लॉट पडणार. पुण्यात ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

आमचा क्रम ठरलेला आहे. सहकारनगरच्या बाजूनं वर चढायचं, झाडीतल्या मातीच्या वाटेनं फिरायचं, मोर दिसला की 'मोर' म्हणायचं आणि खाली उतरून अमृततुल्यात शिरायचं. सहा वर्षांत मोराकडे नुसतं बघून गप्प बसलेला माणूस आमच्यात निघाला नाही. वाटेत कारल्याचा, दुधीचा, आवळ्याचा, गव्हांकुराचा रस मिळतो. तो पिणाऱ्याचा चेहरा बघितला की आम्हाला पुरेसा गुण येतो. अमृततुल्यात चहा साखर घालूनच उकळलेला असतो, त्यामुळे बिनसाखरेचा मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बँकवाले रोज विचारतात. रीतसर विचारणा केली, नकार आला, आता नाइलाज, अशी नोंद मनातल्या मनात झाली की ते निर्धास्तपणे बशी तोंडाला लावतात.

हे सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या नोव्हेंबरात बँकवाल्यांच्या मुलानं सिडनीहून एक लेख पाठवला. हा मुलगा दर रविवारी आईला फोन करतो आणि वडिलांना लेख पाठवतो. मीठ, अंडी, गुडघे, झोप असे विषय होऊन गेले होते. या खेपेला थेट यम होता.

सिडनीतल्या डॉक्टरांनी सत्तर आणि त्यापुढच्या १,७०५ पुरुषांचा चालण्याचा वेग मोजला, पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि कोण गेलं, कोण राहिलं यावरून खुद्द मृत्यू किती वेगानं चालतो ते काढलं. सेकंदाला ०.८२ मीटर, म्हणजे ताशी साधारण तीन किलोमीटर. सेकंदाला १.३६ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ पाच किलोमीटर किंवा त्याहून जोरात चालणाऱ्यांपैकी तेवढ्या काळात एकही गेला नाही. अशी माणसं होती बावीस. हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २०११ च्या नाताळ अंकात आलं. या अंकात दरवर्षी डॉक्टर मंडळी थट्टेचा विषय घेतात आणि गंभीर चेहऱ्यानं आकडेमोड करतात. आपल्या दिवाळी अंकातल्या राशिभविष्याचाच प्रकार म्हणा ना, फक्त इथे माणसं आणि मोजमाप खरं होतं.

"त्यांचा यम पायी हिंडतो," बँकवाले म्हणाले. "हातात ते लांब दांड्याचं कोयतं. आपला वाहनावर येतो. मग हा आकडा आपल्याला लागू करायचा का?"

वीजमंडळवाले मूळचे कराडकडचे. रेड्याविषयी ते अधिकारानं बोलतात. "रेडा जातो की ताशी तीननं," ते म्हणाले, "पण त्याच्या मनात असेल तर. वाटेत डबकं लागलं की बसला. मग पाठीवर यम असो नाहीतर मामलेदार, ऊन उतरेपर्यंत उठायचं नाव नाही."

काही माणसं शंभरी कशी गाठतात, त्याचा उलगडा आम्हाला तिथेच झाला.

हेडसर तोवर पोचले नव्हते. ते चौऱ्याऐंशीचे. आमच्या मागून येतात, आम्ही तिसऱ्या बाकावर त्यांच्यासाठी थांबतो, आणि झालेल्या चर्चेचा गोषवारा त्यांना बाकावर मिळतो. त्या दिवशी गोषवारा द्यायला कुणाची जीभ रेटेना. चौऱ्याऐंशीच्या माणसाला यम ताशी किती किलोमीटरनं येतोय, हे कसं सांगायचं? थंडी यंदा उशिरा पडली, एवढं बोलून आम्ही उतरलो.

मोजणीचा माणूस दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबत नाही. घरी येऊन मी फीत काढली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मीटरवर खडूनं दोन रेघा मारल्या. अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर जागा जास्त सोडली, कारण सुरुवातीचं अडखळणं आणि शेवटचं थांबणं यात धरायचं नसतं. ही मोबाइल घेऊन उभी राहिली. वॉचमननं खुर्ची वळवून घेतली आणि कुणाची गाडी लावायची आहे, अशी चौकशी केली.

पहिल्या खेपेला तिनं चौदा सेकंद सांगितले आणि ती खेप स्वतःच बाद केली. "अहो, तुम्ही मधेच टाकीचं झाकण बघायला वळलात." झाकण उघडं होतं हे खरं, पण मोजणीच्या कागदात सबबीला रकाना नसतो. दुसऱ्या खेपेला साडेबारा सेकंद. दहा भागिले साडेबारा, ०.८. मी तिथेच उकिडवा बसून खडूनं भागाकार पुन्हा करून पाहिला. यम माझ्यापेक्षा सेकंदाला दोन सेंटिमीटरनं पुढे होता. दोन सेंटिमीटरच्या बांधावरून सख्खे भाऊ जन्मभर कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. तीच हद्द आता माझ्या आणि यमाच्या मध्ये होती.

"काय आलं?" हिनं विचारलं.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

"सरासरीच्या जवळपास."

कुणाच्या सरासरीच्या, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दोन सेंटिमीटरचा घोर लागला की माणूस वाचायला लागतो. त्याच २०११ साली अमेरिकेत पासष्ट आणि त्यापुढच्या ३४,४८५ माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या होत्या. तिथे थट्टा नव्हती, पण निघालं तेच: सेकंदाला एक दशांश मीटरनं जरी वेग जास्त असला, तरी पुढे जगण्याची शक्यता वाढलेली. याचं कारण सरकारी माणसाला चटकन कळेल. एक पाऊल टाकायचं तर हृदय, फुप्फुसं, डोळे, कानातलं तोलाचं खातं, मज्जातंतू, मांड्या, घोटे इतक्या विभागांची एकाच फायलीवर सही लागते. एका टेबलावर फाईल अडली तरी पाऊल आखूड पडतं, आणि म्हातारपणी वेग जातो तो मुख्यतः पाऊल आखडल्यामुळेच. कोणत्या टेबलावर अडली ते वेग सांगत नाही. अडली आहे, एवढं सांगतो.

डॉक्टर आणखी एक परीक्षा घेतात. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. वाचून मला हसू आलं होतं. एवढ्याशा अंतरात काय कळणार? मग आमच्या खोलीत फीत धरली, तर पलंगापासून संडासाची कडी बरोबर तीन मीटर पाच सेंटिमीटर. रात्री दोन वाजता दिवा न लावता, कुणाला हाक न मारता तिथवर जाऊन परत येऊन पडणं, याला मी पूर्वी कधी ऐश्वर्य म्हटलं नव्हतं. आमच्या जिन्यावरच्या एका आजोबांचं ते ऐश्वर्य गेल्या पावसाळ्यात गेलं. तेव्हापासून त्यांच्या खोलीत पितळेची घंटी आहे. घंटी वाजली की वरच्या मजल्यावरच्या आम्हालाही जाग येते, आणि आपण अजून उठून जाऊ शकतो हे बघायला मी एकदा उठून जाऊन येतो.

मला या परीक्षेला अकरा सेकंद लागले. एरवी घरात जास्त लागतात. तीन मीटर गेल्यावर आपण कशासाठी उठलो होतो ते आठवेना, की तिथेच उभं राहावं लागतं. हा वेळ परीक्षेत धरत नाहीत.

पावलांचं प्रकरण वेगळं आहे. मुलानं मला साठीशांतीला मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ दिलं. दहा हजार झाली की ते थरथरतं आणि छोटेसे फटाके दाखवतं. हा दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आला असेल अशी माझी समजूत होती. तो आला जपानमधून, १९६५ साली, एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून. 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आदल्या वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालं होतं, लोकांना व्यायामाची हौस आली होती, आणि आकडा गोल होता. पुढे २०१९ साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी बहात्तर वयाच्या सोळा हजारांहून अधिक बायकांची पावलं मोजली, तेव्हा रोज २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांची स्थिती बरीच बरी निघाली, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायद्याचा चढ संपून सपाटी लागली.

हे वाचून दाखवल्यावर बँकवाले गप्प झाले. सहा वर्षं रोज अडीच हजार पावलं जास्त भरली, याचा हिशोब ते करत होते. "परतावा मिळत नसणार," शेवटी ते म्हणाले.

त्यात माझ्या घड्याळाचा स्वभाव सरळ नाही. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवल्या, तर त्यानं मला बसल्या जागी नऊशे पावलं चालवलं. 'घालीन लोटांगण'ला स्वतःभोवती फिरलो, ती एकच गिरकी त्यानं धरली नाही. हेडसरांनी सत्तरीनंतर सलग सात वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली आहे, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तुमची पावलं किती झाली असतील, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "दिंडीत पावली खेळतात रे," ते म्हणाले, "मोजत नाहीत." हेडसर आम्हाला अरेतुरे करतात. सदुसष्टाव्या वर्षी आपल्याला अरेतुरे करणारं कुणी शिल्लक असणं, याचीही कुठेतरी नोंद व्हायला हवी.

पण मला सगळ्यात झोंबला तो स्वीडनमधला प्रयोग. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांशी ते चालत असताना गप्पा सुरू केल्या. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारातले दहा पडले. चालण्यातच सगळं लक्ष खर्च होत असेल तर बोलायला ते शिल्लक राहत नाही, आणि मग पाय थांबतात, असा त्याचा अर्थ. आता पुणेकराला मुद्द्याचं बोलायचं असेल तर तो थांबतोच. बँकवाले तर थांबून, वळून, समोर येऊन, आपली वाट अडवून बोलतात. हा मेंदूचा दोष की शहराचा, हे स्वीडिश डॉक्टरांना कसं कळावं?

तर ठरलं. सोमवारपासून ताशी पाच. थांबायचं नाही, चालता चालताच बोलायचं.

व्यायाम नेमका किती जोरात करावा याची डॉक्टरांची एक सोपी खूण आहे: बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. ताशी पाचला वीजमंडळवाल्यांच्या तोंडून अर्धाच 'पांडु' बाहेर यायचा, 'रंग' पुढच्या वळणावर. बँकवाले बोलायला समोर येऊ पाहायचे, पण समोर यायचं तर त्यांना ताशी सहा लागायचे. मंगळवारी आम्ही तिघं तीन ठिकाणी होतो. मला मोर दिसला, अगदी वाटेवर, पिसारा ओढत चाललेला, आणि 'मोर' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. अमृततुल्यात मी पोचलो तेव्हा बँकवाले चहा पिऊन निघून गेलेले. पहिला येणाऱ्यानं सगळ्यांचे पैसे द्यायचे की आपापले, हा प्रश्न सहा वर्षांत कधी आला नव्हता. तिन्ही दिवस आम्ही हेडसरांना चढावरच मागे टाकलं. बुधवारी उतरताना पाहिलं, तर ते तिसऱ्या बाकावर एकटेच बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. मी हात केला. वेग मोडायला नको, म्हणून थांबलो नाही.

बुधवारीच दुपारी मला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं लिहून देण्याचा महिना. बँक सातारा रस्त्याच्या पलीकडे. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो, तेव्हा गाड्या बाजूला आणि रस्ता चालणाऱ्यांचा. पोळ्याला बैलाला एक दिवस जुंपत नाहीत, तसं. पण हा सातारा रस्ता होता आणि नोव्हेंबर होता. सिग्नल पडला, मी निघालो, अर्ध्यावर आलो. गाड्या ज्या बाजूनं यायला हव्यात तिकडे नीट बघून पुढचं पाऊल टाकलं, आणि नेमक्या दुसऱ्या बाजूनं एक दुचाकी आली. तिच्यावर दोघं, आणि मध्ये गॅसची टाकी.

त्या क्षणीचा माझा वेग मोजायला ही तिथे नव्हती, याची मला अजून हळहळ वाटते. पाचच्या खाली खासच नव्हता. यम मागून येतो असं सिडनीच्या डॉक्टरांनी गृहीत धरलं, ही त्या अभ्यासातली मोठी उणीव आहे. पुण्यात तो राँग साइडनं येतो आणि वर आपल्यालाच "ओ काका, बघून!" म्हणतो.

बँकेत जाऊन मी हयात असल्याचं लिहून दिलं. सही जरा हलली. काउंटरवरच्या बाईंनी ती गेल्या वर्षीच्या सहीशी ताडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

गुरुवारी मी चढाशी आलो, तर बँकवाले वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटाला नाडी नाही, वेलक्रो आहे. वीजमंडळवाले झाडावरची पाटी वाचत होते, अंधारात. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि उगाच फडक्यानं चष्मा पुसत उभा राहिलो. टकटक जवळ आली.

"काय रे, आज पळायचं नाही?" हेडसर म्हणाले. "तीन दिवस कुणाला चुकवत होतात?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बँकवाल्यांनी सिडनी सांगितली, मी आकडे सांगितले, वीजमंडळवाल्यांनी रेडा सांगितला. हेडसर ऐकत ऐकत चालत होते. मग थांबले. काठी मातीत रोवली. शाळेत ते गणित शिकवायचे.

"ताशी तीन म्हणालास?"

"साधारण, सर."

"आणि माझा किती भरतो?"

मोजणीचा माणूस खोटं सांगू शकत नाही. "दोनच्या आसपास."

त्यांनी थोडा वेळ हिशोब केला. झाडीत कुठेतरी मोर ओरडला, आणि चौघंही एकदम 'मोर' म्हणालो.

"मग तो केव्हाच पुढे निघून गेला असेल रे," हेडसर म्हणाले. "जाऊ दे त्याला. आपण चहा घेऊ."

खाली पोचायला नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त लागली. बँकवाल्यांनी आत जाऊन बिनसाखरेचा आहे का विचारलं. दुकानाबाहेर रेडा बांधलेला नाही ना, एवढं मात्र वीजमंडळवाल्यांनी आत शिरण्याआधी बघून घेतलं.